मंगळवारचा जिना

आमचं घर वर, मेडिकल खाली आणि मधे १७ पायऱ्यांचा दगडी जिना. एरवी मी त्या पायऱ्या मोजत नाही. घाटातल्या हाफ मॅरेथॉननंतरच्या मंगळवारी मात्र एकेक मोजत, कठडा दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी उतरते. समोरच्या इस्त्रीवाल्या काकांना हे दृश्य आता पाठ झालंय. "काय वहिनी, कितवा नंबर?" एवढंच विचारतात. पहिल्या वर्षी मी खरा आकडा सांगितला होता. आता नुसतं "आले परत" म्हणते.

साताऱ्याची ही शर्यत २०१२ पासून होते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं, एकूण २१ किलोमीटर. दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे. कधी धुकं, कधी भुरभुर, कडेच्या दगडांतून पाणी वाहतंय. हाच रस्ता पुढे कासला जातो, त्यामुळे थोड्याच दिवसांनी त्यावर फुलं बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. बाहेरून धावायला येणारे चढाला घाबरतात. इथले उताराला घाबरतात. चढताना छाती फुटायला येते, पण ते दुखणं वर पोचलं की संपतं. उतरताना वारा लागतो, घड्याळातला पेस बघून आपणच आपल्यावर खूश होतो, आणि मांड्यांच्या आत काहीतरी उसवत चाललेलं असतं त्याचा दोन दिवस पत्ता लागत नाही.

उसवणं हा शब्द मी उगीच वापरत नाहीये. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. म्हणजे तो आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. विहिरीतून भरली बादली वर ओढणं वेगळं आणि तीच भरली बादली दोर थोडा थोडा सोडत खाली नेणं वेगळं. तळहात सोलतात ते दुसऱ्यात. स्नायूंतले बारीक धागे अशा कामात जागोजागी विस्कटतात, मग तिथे सूज येते, दुरुस्ती करणाऱ्या पेशी गोळा होतात, आणि २४ ते ७२ तासांत दुखणं कळसाला पोचतं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हे उशिरा येणारं दुखणं १९०२ सालीच नोंदवून ठेवलंय. तरी आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर दर सोमवारी "लॅक्टिक अॅसिड साचलंय" सुरू असतं. धावताना स्नायूंत तयार होणारं ते आम्ल बिचारं रविवारी, शर्यतीच्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधीच निघून गेलेलं असतं.

आता माझी बाजू सांगते. मी फार्मासिस्ट. बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, आणि हे दुखणं लवकर जावं म्हणून ज्या डब्या खपतात त्या मीच विकते.

जुलै लागला की वरचं फडताळ त्यांनी भरतं. द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, पाइनच्या सालीचा अर्क, हळद अधिक काळी मिरी, आवळा, डाळिंब. साठ कॅप्सूलची डबी, किंमत बहुतेकदा हजाराच्या पुढे. बीपीच्या ज्या गोळ्यांची किंमत सरकारने बांधून दिलीय, त्यांत दुकानदाराचे १६ टक्के धरलेले असतात. या डब्यांना तसलं बंधन नाही. एका डबीत जे सुटतं ते बीपीच्या कितीतरी स्ट्रिपांमध्ये सुटत नाही, आणि दुकानाचं लाइट बिल स्ट्रिपांवर भागत नाही. लेबलवर डोंगर असतो, पानं असतात, घामाने चमकणारा एक माणूस असतो. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" असंही असतं. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनी ते छापणं सक्तीचं केलंय. गिऱ्हाईक ते वाचत नाही. मीही वाचून दाखवत नाही.

स्वतः घेतली का? घेतली ना. पहिल्या वर्षीचा मंगळवार इतका भयंकर गेला होता की दुसऱ्या वर्षी शर्यतीच्या तीन आठवडे आधी मीच फडताळावरून एक डबी काढली आणि उधारीच्या वहीत स्वतःच्या नावावर लिहिली. सकाळ-संध्याकाळ एकेक. आणि काय सांगू, त्या वर्षी पाय निम्म्याने कमी दुखले! मी ग्रुपवर अंगठे, फुलं, सगळं लावून तसं लिहिलं. त्या आठवड्यात अकरा डब्या गेल्या.

पुष्कळ नंतर, त्या वर्षीची धावण्याची वही चाळताना लक्षात आलं, की शर्यतीच्या आधीचे तिन्ही रविवार मी घाटात गेले होते. फक्त चढायला जायचे, पण खाली यायला दुसरं वाहन नव्हतं म्हणून धावतच उतरायचे. एकदा उतारावर पाय दुखवून घेतले की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका लागत नाही, हे प्रयोगशाळांमधून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आपल्याकडे त्याला प्रयोगशाळेची गरजच पडली नाही. पेरणीच्या पहिल्या दिवशी अंग धरतं, चौथ्या दिवशी तेच काम अंगवळणी पडतं. अंगवळणी हा शब्द मी हजारदा वापरला असेन, पण तो खरोखरच अंगाबद्दल आहे हे त्या वहीमुळे कळलं. श्रेय मात्र डबीला मिळून गेलं होतं. ग्रुपवरचा तो मेसेज मी अजून काढलेला नाही.

या सगळ्या डब्या ज्याच्या नावावर खपतात तो अँटिऑक्सिडंट हा शब्द जड आहे, गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. चिरलेलं वांगं काळं पडतं म्हणून पाण्यात टाकतो, सफरचंदाच्या फोडींना लिंबू लावतो. लिंबातलं क जीवनसत्त्व स्वतः हवेतल्या ऑक्सिजनच्या तोंडी जातं आणि फोड वाचते. आपल्या पेशी अन्न जाळतात तेव्हाही काही अस्थिर, चिडके रेणू सुटतात, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरबाडतात. हेच फ्री रॅडिकल. म्हातारपण येतं ते यांच्याचमुळे, असा विचार डेनहॅम हरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये मांडला. १९८२ मध्ये थकून पडेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत हे रेणू दुप्पट-तिप्पट झालेले दिसले. झालं. धावलं की अंगाला गंज चढतो आणि झाडापानांच्या अर्काने तो उतरतो, असा हिशेब जमला. इतका सरळ, की आम्ही तो कॉलेजात परीक्षेपुरता घोकला आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवला.

आम्ही तो घोकत होतो तेव्हाच खरं तर तो फिसकटला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या गेल्या. काहींना बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना नुसतीच खोटी गोळी. १९९४ मध्ये निकाल लागला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी तर झाला नव्हताच, १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत अशीच एक चाचणी चालू होती. तीही त्याच वाटेने निघालेली दिसली, म्हणून १९९६ च्या सुरुवातीला, ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवली. गाजर खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो हे निरीक्षण खोटं नव्हतं. गाजर खाणारा माणूस आणखी काय काय करतो आणि काय काय करत नाही, ते गोळीत भरता आलं नाही.

पण मला हलवलं ते २००९ च्या एका जर्मन अभ्यासाने, कारण तो माझ्याच फडताळाबद्दल होता. चाळीस तरुण, चार आठवडे व्यायाम. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व. व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त चांगली दाद देऊ लागतं, त्यासाठीच तर डॉक्टर चालायला सांगतात. तो फायदा गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला. गोळ्या घेणाऱ्यांचा व्यायाम त्या बाबतीत पाण्यात गेला. कारण ते चिडके रेणू नुसते ओरबाडत नसतात. त्यांच्या गडबडीने स्नायूला जाग येते, तो आपली स्वतःची राखण वाढवतो, ऊर्जा तयार करणारे कारखाने वाढवतो. बाहेरून भारंभार गोळ्या घेणं म्हणजे झोपमोड होते म्हणून राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवणं.

हे मी काउंटरवर सांगायला लागले तर समोरचा शांतपणे म्हणतो, "ती केमिकलची जीवनसत्त्वं झाली मॅडम. हे नॅचरल आहे."

बरोबर आहे, वेगळं आहे. झाडांची ही द्रव्यं आपल्यासाठी बनलेलीच नाहीत. झाडाला ऊन टाळून सावलीत जाता येत नाही, किडीला हाकलायला हात नाहीत, म्हणून ते आपल्या सालीत, बियांत, पानांत काहीतरी कडू, तुरट, रंगीत साठवतं. आपल्या शरीराला ते परकं. आतडं त्यातलं थोडंच आत घेतं, आणि जे घेतं त्याला यकृत लगेच शेपूट जोडून बाहेरचा रस्ता दाखवतं. परीक्षानळीत अर्क किती फ्री रॅडिकल खातो याचे मोठमोठे आकडे पूर्वी लेबलांवर असायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची यादीच केली होती. नळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ लागत नाही आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करतात, असं सांगून २०१२ मध्ये त्यांनीच ती काढून टाकली. माझ्याकडच्या एका डबीवर तसला आकडा त्यानंतरही काही वर्षं छापून येत होता.

हळदीचं उदाहरण घ्या, कारण हळदीवर बोललं की आपण सगळेच हळवे होतो. जखम भरायला हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं, आणि माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. तेव्हा पेपरांत आलेलं वाचून मला कोण अभिमान वाटला होता. पण जखमेवर दाबलेली हळद वेगळी आणि पोटातून मांडीच्या स्नायूपर्यंत पोचायची हळद वेगळी. हळदीतलं ज्याचं एवढं नाव आहे ते पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, असतं जेमतेम तीन टक्के, आणि ते गिळलं तर रक्तात जवळजवळ सापडत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर रक्तात उतरणारं प्रमाण वीसपट झालं. म्हणून आता प्रत्येक डबीवर मिरीचे दाणे छापलेले असतात. मिरी हे कसं करते, ते मात्र छापत नाहीत. बाहेर काढण्याचं जे काम शरीर करतं, त्यातच ती खोडा घालते. आणि त्याच दाराने आपली इतर औषधंही बाहेर पडत असतात.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ आले होते, पासष्टीचे, घाट माझ्यापेक्षा बारा मिनिटं लवकर संपवणारे. त्यांना हळद-मिरीची डबी हवी होती. मला माहीत होतं की ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, कारण ती दर महिन्याला माझ्याकडूनच जाते. मी म्हटलं, काका, आधी डॉक्टरांना विचारा, ही तुमच्या गोळीबरोबर नको. ते हसले. "अहो, हळदच ना ती?" मी डबी दिली नाही. आठ दिवसांनी तीच डबी त्यांच्या बॅगेत दिसली, घरपोच आलेली, माझ्यापेक्षा दोनशे रुपये स्वस्त. इटलीत हळदीच्या कॅप्सूल घेऊन यकृताला सूज आल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने डब्यांवर इशारा छापायला लावला. इटलीत हळद आजीची नाही, म्हणून त्यांना ते सोपं गेलं असावं.

मग दुखण्यावर काहीच उपयोग नाही का? २०१७ मध्ये कॉक्रेनच्या, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या, समीक्षकांनी अँटिऑक्सिडंट आणि हे दुखणं यावरचे ५० अभ्यास, १०८९ माणसं, असा ढीग एकत्र करून तपासला. दुखण्यात फरक पडतो तो इतका थोडा, की घेणाऱ्याला जाणवण्यापलीकडचा. त्या १०८९ जणांत बायका साधारण आठात एक, हे वाचून मी मनातल्या मनात एक शिवी हासडली. दुसरीकडे २०१० मध्ये लंडन मॅरेथॉनच्या वीस धावकांवर एक छोटा प्रयोग झाला. निम्म्यांनी आंबट चेरीचा रस प्यायला, शर्यतीआधी पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस. त्यांच्या पायांतली ताकद लवकर परत आली. वीसच माणसं, पण मला ते पटण्यासारखं वाटतं, आठच दिवसांसाठी आणि तेही शर्यतीच्या आसपास. शनिवारी एक आणि रविवारी दुसरी शर्यत असेल, तर राखणीच्या कुत्र्याला एक दिवस गप्प करायला हरकत नाही. पण सरावाच्या चार महिन्यांत, रोज? मग घाट चढलोच कशाला?

आंबट चेरी आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे येते आगळ.

माझं माहेर कुडाळजवळ. मे महिन्यात परसातले रातांबे पिकून खाली पडायला लागले की आईचे हात पावसापर्यंत लाल. रातांबा दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचा, पांढऱ्या गराच्या बिया एकीकडे, सालं एकीकडे. सालं रात्रभर मिठाच्या रसात बुडवायची, सकाळी चटईवर पसरायची, संध्याकाळी पुन्हा रसात. असं चार-पाचदा केलं की लाल साल काळपट, चिकट होते आणि तिला आमसूल म्हणायचं. बियांचं मुठेल, हिवाळ्यात भेगांना लावायला. आणि सालात मीठ घालून बरणीत मुरवलं की सुटतो तो रस म्हणजे आगळ, वर्षभर टिकणारी. लहानपणी शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकवर ती सांडली तर मी घाबरून लगेच साबण चोळायचे आणि लाल डाग बघता बघता निळसर हिरवा व्हायचा. मला वाटायचं मी काहीतरी बिघडवलंय. हा रंगच तसा, आंबटात लाल, साबणात निळा. जांभळात आणि त्या चेरीतही याच कुळातला. शास्त्रीय नाव अँथोसायनिन, आणि लेबलवाल्यांचं लाडकं.

तेव्हा मीही आगळेवर एक डबी काढू शकते. "कोकणची चेरी", लेबलवर आईचे लाल हात. कोकमाच्या चुलतभावाचं तर हे होऊनही गेलंय. केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीच्या अर्काच्या वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल जगभर खपल्या. १९९८ मध्ये १३५ जणांना बारा आठवडे देऊन पाहिलं, तर खोट्या गोळीपेक्षा वजन जास्त उतरलं नाही. कॅप्सूल अजून खपतात, माझ्याकडेही आहेत.

आई आली की डिकीतून आगळेच्या दोन बाटल्या निघतात, पेपरात गुंडाळलेल्या, वर प्लास्टिक, वर पुन्हा पेपर. गेल्या वर्षीच्या मंगळवारी ती इथेच होती. मी जिना उतरताना वरून बघत राहिली.

"कित्याक धावतंस गो इतक्या? कोण पाठी लागलो तुझ्या?"

मग खाली सरबत आलं. दोन चमचे आगळ, साखर, जिऱ्याची पूड, माठातलं पाणी. घाटात घामावाटे गेलेलं मीठ आणि पाणी तेव्हापर्यंत भरून आलेलं असणारच, पण जीभ काही ऐकत नव्हती. मी सलग दोन पेले प्यायले. दुखणं कमी झालं का? नाही. बुधवारी झालं तसंच, त्याच वेळेला. पण आईने दुपारी दुकानात माझ्या जागी बसून मला दोन तास झोपू दिलं, आणि स्नायू शिवायला झोपेसारखं दुसरं काही मला तरी माहीत नाही. त्या दोन तासांत तिने एकही डबी विकली नाही. एका मुलाला तर "इतक्या पैशात काजी येतले" असं सांगून परत पाठवलं.

म्हणून परवाच्या फोनला मी गारच पडले.

"ती हळदीची गोळी टीव्हीर दाखवतत, ती तुझ्या दुकानात गावता काय? माझ्या गुडघ्याक धाड मगे."

"आई, घरात हळद आहे ना पाच किलो."

"ती जेवणातली गो. ही औषधाची."

गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काचे काही छोट्या चाचण्यांतले निकाल बरे आहेत, हे मला माहीत आहे. आई रात्री अॅस्पिरिनची छोटी गोळी घेते, हेही माहीत आहे. डबी माझ्या डोक्याच्या वर एक हात अंतरावर होती. मी काय बोलणार होते ते ठरायच्या आत काउंटरवर एक पोरगा येऊन उभा राहिला, गळ्यात नव्या कोऱ्या बुटांची जोडी लटकवलेला, आणि बोटाने वरचं फडताळ दाखवायला लागला.

"आई, गिऱ्हाईक आहे," म्हटलं, "रात्री करते."